पाच म्हणजे आमचे चार

शुक्रवारी पाचपर्यंत कळव, कोच डुप्री म्हणाल्या,
आवाज असा गोड, की मुदत नव्हे,
वाढदिवसाचं आमंत्रण वाटावं.
फी साठ टक्के माफ. बूट त्यांचे, प्रवास त्यांचा.
'आणि आयडाहोत अजून एक मुलगी आहे, बरं का.
तिची थाळी सत्तेचाळीस मीटर जाते.'
माझी सेहेचाळीस पूर्णांक दोन.
मधलं अंतर म्हणजे
आमच्या टेबलापासून फ्रिजपर्यंतचं एक पाऊल.

अर्कान्साबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच,
की तिथे फेब्रुवारीत गवत असतं.
इथे हॅवरला आधी वर्तुळ शोधावं लागतं:
फावडं, मग मीठ, मग थाळी.
फेकलेली थाळी बर्फात गडप होते
म्हणून मिस्टर बर्गस्ट्रॉम तिला नारिंगी रिबीन चिकटवतात.
शाळेत वेल्डिंग तेच शिकवतात, फेकही तेच.
दोन्हीकडे एकच वाक्य:
घाई केलीस की सांधा कच्चा.

बिलिंग्जचे कोच मात्र घरी आले होते.
दाराशी बूट काढले, मोज्याला भोक,
डुगडुगत्या खुर्चीवर बिनतक्रार बसले,
सूप पुन्हा मागून घेतलं.
आणि पैशाचा विषय निघाल्यावर
'मार्चपर्यंत कळेल' म्हणत
चमच्यात स्वतःचं उलटं तोंड बघत राहिले.

आई पहाटे साडेचारला येते
रात्रभर हायवेवरचं बर्फ ढकलून.
'आत्ता नुसता शब्द दे म्हणतात,' मी म्हटलं, 'कागद नंतर.'
'आणि त्यांनी काय दिलंय?'
'त्यांनीही शब्दच.'
'मग तू मोडलास तर तू बेभरवशाची,
त्यांनी मोडला तर?'
उत्तराची वाट न बघता
ती बसल्या जागी झोपली, एक बूट पायात.

थाळी कधी सोडायची, हे शिकवता येत नाही.
दीड फेरी, आणि मग बोटांनाच कळतं.
लवकर सुटली तर उजवीकडच्या जाळीत,
उशीर झाला तर डावीकडच्या.
पण तिथे निदान जाळी असते.
शिवाय सहा फेका.

गुरुवारी रात्री नेरेयाला मेसेज केला.
उन्हाळ्यात स्पोकेनच्या शिबिरात
आम्ही दोघींनी एकच चिकटपट्टी वापरली होती,
तिच्या अंगठ्याला, माझ्या घोट्याला.
आयडाहोतली मुलगी ती नसली तर कोण असणार?
तिचं उत्तर लगेच आलं:
'मला म्हणाल्या, मोंटानात एक आहे, अठ्ठेचाळीस मीटर.
तू एवढी कधी सुधारलीस?'
आणि मिनिटाभराने:
'माझी अजून पंचेचाळीससुद्धा नाही.'

मी इतकी हसले की कुत्रा उठून बसला.
मग हसू ओसरलं.
एवढं खोटं बोलावं,
इतक्या हव्या होतो का आम्ही त्यांना?
की दोघींपैकी कोणीही चाललं असतं?
नेरेयाने विचारलं, 'तू हो म्हणणार आहेस का?'
मी लिहिलं, खोडलं, लिहिलं.
शेवटी कुत्र्याचा फोटो पाठवला.

शुक्रवारी वर्कशॉपमध्ये मी निवांत होते,
अजून तासाभराचा वेळ आहे म्हणून.
मिस्टर बर्गस्ट्रॉम चष्मा पुसत म्हणाले,
'त्यांचे पाच म्हणजे आपले चार. लक्षात आहे ना?'
भिंतीवर तीन अठ्ठेचाळीस.

मागच्या दाराने बाहेर आले,
हातमोजा दातांनी ओढून काढला.
पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.
'सिग्नी! काय ठरलं मग?'
होकार तोंडात तयार होता. नकारही होता.
निघालं भलतंच:
'आयडाहोतल्या त्या मुलीची थाळी
नक्की किती जाते, मॅडम?'

पलीकडे शांतता.
लांब कुठेतरी, त्यांच्या गवतावर,
कुणीतरी शिट्टी वाजवली.
मी फोन कानाशी धरून उभी,
बोटं बधिर झालेली,
आणि वजन अजून हातातच.